नदीकाठाने येणारा सायकलस्वार आणि आपले दुकान

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर करकंबच्या रस्त्यालगतच्या एका सायकल दुकानात आम्ही बसलो होतो. दुकान जुने, मालक वयस्क. दिवसभरात तीन पंक्चर आणि एक ब्रेकची तार एवढेच काम झालेले. दुपारी दोन तरुण आले. सायकली उंच, दोन्ही बाजूंना पिशव्या लटकावलेल्या, अंगावर धुळीचा थर. एकजण म्हणाला, "चाचा, मागच्या चाकात हवा कमी आहे. भरून द्याल का?" चाचांनी पंप काढला, वाकून पाहिले आणि मान हलवली. "बेटा, हा व्हॉल्व्ह आमच्या पंपाला बसत नाही." पोरांनी आपला छोटा हातपंप काढला, घाम गाळत हवा भरली, पाणी प्यायले आणि निघून गेले. जाताना एकाने विचारले होते, "चाचा, इथे रात्री राहायची काही सोय आहे का?" त्यालाही उत्तर मिळाले नाही.

चाचांचा मुलगा शेजारीच मोबाइल दुरुस्तीचे काम शिकतो आहे. वडिलांचे दुकान पुढे चालवायचे की शटर ओढायचे, यावर त्या घरात रोज चर्चा होते. त्या दिवशी दारात आलेले गिऱ्हाईक हातचे गेले ते केवळ एका छोट्या पितळी अडॅप्टरवाचून. हा प्रसंग पाहिल्यावर या विषयावर आमच्या व्यापारी आणि कारागीर वाचकांसाठी सविस्तर लिहावे असे आम्हांस वाटले.

हा प्रवासी कोण?

गावातले सायकलचे गिऱ्हाईक आटले, हे सर्वांना ठाऊक आहे. शेतकऱ्याकडे मोटारसायकल आली, तासाच्या भाड्याने सायकल देण्याचा धंदा बसला. एके काळी देशातील सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणला जाणारा अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता. पण त्याच काळात शहरात दुसरीच सायकल वाढली. गिअरची, हलकी, पंधरा-वीस हजारांपासून लाखाच्या पुढे किमतीची. डॉक्टर, इंजिनीअर, बँकेतले नोकरदार, निवृत्त अधिकारी आणि कॉलेजची मुलेमुली ती चालवतात. त्यांतले काहीजण सुट्टीत लांबच्या प्रवासाला निघतात. त्यांना घाई नसते. नदीचा काठ, धरणाचे पाणी, घाट, धबधबा, जुनी देवळे-दर्गे पाहत ते दिवसाला साठ ते शंभर किलोमीटर जातात.

दुसरा प्रकार ठरावीक वेळेत अंतर कापणाऱ्यांचा. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत, असे या उपक्रमाचे नियम जगभर एकच आहेत. अशा स्वारांना मध्यरात्री चहा, गरम जेवण आणि तासभर पाठ टेकायला जागा लागते.

तिसरा प्रकार आपल्या भागाला जास्त जवळचा. नाशिकहून आषाढीच्या आधी सायकलवर पंढरपूरला येणाऱ्यांची 'सायकल वारी' एक दशकाहून अधिक काळ चालू आहे. नगर-टेंभुर्णी मार्गाने पंढरपूरला जाणाऱ्याच्या वाटेत करकंब येतेच.

करकंब कोठे बसते?

करकंब पंढरपूर तालुक्यात, पंढरपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर आहे. उत्तरेला टेंभुर्णी, तेथे पुणे-सोलापूर महामार्ग. पश्चिमेला भीमा. टेंभुर्णीजवळच १९८० साली पूर्ण झालेले उजनी धरण. त्याखाली नीरा नरसिंहपूरला नीरा नदी भीमेला मिळते. एका बाजूला इंदापूर तालुका, समोर माळशिरस तालुक्यातील संगम गाव. म्हणजे दोन नद्यांची खोरी आपल्या दारात एकत्र येतात.

या दोन्ही नद्यांचे पाणी इथले नाही, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पंढरपूर-करकंब पट्ट्यात वर्षाचा पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर. महाबळेश्वरला तो साडेपाच हजारांच्या वर जातो. भीमा भीमाशंकरला उगम पावते, नीरा भोर तालुक्यातील सह्याद्रीत. घाटमाथ्यावर जे धबधबे कोसळतात त्यांचेच पाणी धरणाधरणांतून उतरत आपल्या उसाला पोचते. म्हणून सायकलस्वाराच्या दृष्टीने धबधब्यांचा मुलूख आणि आपला कोरडा मुलूख ही एकाच वाटेची दोन टोके आहेत. वरच्या टोकाला त्याला पाणी पाहायला मिळते आणि खालच्या टोकाला मोकळा रस्ता.

तीन वाटा

पहिली वाट नीरेची. करकंबहून टेंभुर्णी, तेथून अकलूज. पहिला दिवस एवढाच ठेवावा. अकलूजला नीरेकाठचा जुना किल्ला आहे. दुसऱ्या दिवशी नातेपुते मार्गे फलटण. तिसऱ्या दिवशी लोणंद, शिरवळ करीत भोर. भोरजवळ नीरेचे वळण उंचावरून हारासारखे दिसते, त्या जागेला लोक नेकलेस पॉइंट म्हणतात. भोरला राजवाडा आहे, आणि जवळच भाटघरचे ब्रिटिश काळातील धरण. चौथ्या दिवशी वरंध घाट. पावसाळ्यात या घाटात जिकडेतिकडे पाणी कोसळत असते, आणि खाली महाड तालुक्यात शिवथरघळीचा मोठा धबधबा आहे.

दुसरी वाट कृष्णेच्या उगमाकडे. फलटणपर्यंत पहिल्या वाटेने, मग साताऱ्याकडे. साताऱ्याहून ठोसेघरचा धबधबा साधारण २५ किलोमीटर. दुसऱ्या बाजूला कासचे पठार, पुढे भांबवलीचा वजराई धबधबा. नाहीतर साताऱ्याहून वाई गाठावी, पसरणी घाट चढून पाचगणी आणि महाबळेश्वर. महाबळेश्वरजवळ वेण्णा नदीवर लिंगमळ्याचा धबधबा आहे.

तिसरी वाट उजनीच्या पाण्याची. टेंभुर्णी, इंदापूर, पळसदेव, भिगवण. पळसदेवचे जुने देऊळ धरणात गेलेले आहे, पाणी ओसरले की ते वर येते. भिगवण आणि कुंभारगावच्या पाणथळीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहायला पुण्या-मुंबईचे लोक येतात.

या तिन्ही वाटा दक्षिणेकडेही लांबवता येतात. पंढरपूरहून मंगळवेढा, माचणूर आणि ब्रह्मपुरी. या ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ पासून १६९९ पर्यंत भीमेच्या काठी होती. तेथून पुढे विजापूरचा गोल घुमट किंवा गुलबर्ग्याचा बंदेनवाज यांचा दर्गा. इतिहासाची आवड असलेला सायकलस्वार ही वाट आवडीने धरतो.

वारा, ऋतू आणि उसाच्या गाड्या

आता अनुभवाची बाब. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून वाहतो. करकंबहून घाटाकडे निघालेल्या स्वाराला तीन-चार दिवस समोरचा वारा आणि हळूहळू चढ, असे दोन्ही तोंडावर घ्यावे लागते. तोच मनुष्य भोर किंवा साताऱ्याहून निघून नदीच्या प्रवाहाबरोबर उतरत आला तर वारा पाठीशी राहतो. म्हणून पावसाळ्यात शहाणा प्रवासी वरून खाली येतो आणि त्याचा प्रवास आपल्याकडे संपतो. याचा व्यापारी अर्थ स्पष्ट आहे. आपल्या दारात येईपर्यंत त्याची साखळी चिखलाने भरलेली असते, ब्रेकचे रबर झिजलेले असते, कपडे ओले असतात आणि पोटात भूक असते. त्याला दुरुस्ती, धुलाई, जेवण आणि झोप यांची गरज सर्वांत जास्त इथेच लागते. परतीसाठी त्याला पंढरपूर किंवा कुर्डुवाडी स्टेशन जवळ पडते. रेल्वेच्या पार्सल कचेरीत सायकल बुक करून पाठवता येते. ती कागदात आणि गोणपाटात नीट बांधून देणे हेसुद्धा एक काम आहे.

मोसम साधारण असा. जुलै ते सप्टेंबर धबधब्यांचा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी नदीखोऱ्याचा. मार्चनंतर पारा चाळिशीकडे चढतो आणि रस्ता ओस पडतो. वर्षातले आठ महिने धरावेत, त्यांतले खरे पाच.

हिवाळ्यातील एक संकट सांगितलेच पाहिजे. गाळप सुरू झाले की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर येतात. ट्रॉलीला मागे दिवा नाही, चमकपट्टी नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. अंधारात सायकलस्वारासाठी ही ट्रॉली म्हणजे भिंत. आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला सूर्य मावळल्यावर निघू नका, असे बजावून सांगावे.

पाण्याचेही तसेच आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाचजण वाहून गेले. पाणी काही क्षणांत वाढले. त्याआधी २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी या मार्गावर बोट उलटून सहाजण बुडाले. सायकल बोटीत घालून पलीकडे जाण्याचा मोह प्रवाशांना होतो. अंगावर जीवरक्षक जाकीट नसेल आणि आभाळ भरून आलेले असेल तर बोटीत पाऊल टाकू देऊ नये. वरंध घाटातील दरडींचा विचार करून प्रशासन पावसाळ्यात तो रस्ता अनेकदा बंद ठेवते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, ते कोणी विसरलेले नाही. उजनीतून पाणी सोडले की भीमेवरचे सखल बंधारे बुडतात, आणि बंधाऱ्यावरून पलीकडे जाणारी वाट नकाशात दिसत असली तरी प्रत्यक्षात नसते. गावच्या दुकानदाराला हे ठाऊक असते, परक्याला नसते. ही माहिती फुकट द्यावी. अशा माहितीनेच गिऱ्हाईक जोडले जाते.

सायकल दुरुस्तीच्या दुकानासाठी

नवी सायकल पाहून आपले उस्ताद बिचकतात. बिचकण्याचे कारण नाही. ज्याला चाकाचा आऊट काढता येतो, कोन आणि छर्रे बसवता येतात, त्याला नव्या सायकलचे तीन चतुर्थांश काम येतेच. फरक पुढील गोष्टींत आहे.

व्हॉल्व्ह तीन प्रकारचे. आपल्या जुन्या सायकलचा रबरी नळीचा, दुसरा मोटारसायकलसारखा जाड, तिसरा बारीक पितळी, ज्याचे टोकावरचे छोटे नट आधी सैल करावे लागते. हा तिसरा प्रेस्टा व्हॉल्व्ह. त्याला लागणारा अडॅप्टर शहरातील कोणत्याही मोठ्या सायकल दुकानात मिळतो आणि किंमत चहा-नाश्त्याएवढी असते. दोन-चार आणून ठेवावेत. हवा किती भरायची हे टायरच्या कडेवर छापलेले असते. कॉम्प्रेसरने एकदम हवा मारू नये, बारीक ट्यूब फुटते.

टायरचा आकडा पाहून फसू नये. '२६' लिहिलेली सर्व टायरे एकसारखी नसतात. टायरवर दुसरी जोडी छापलेली असते, जसे ४०-६३५ किंवा ५०-५५९. त्यातला मागचा आकडा रिमचा. तो जुळला तरच टायर बसते. ७०० आणि २९ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन्ही चाकांचा हा आकडा ६२२ आहे, म्हणून अडचणीच्या वेळी एकाची ट्यूब दुसऱ्याला रुंदी पाहून चालवता येते. आपल्या जुन्या २८ इंची चाकाचा आकडा ६३५, त्याचे टायर या रिमवर बसणार नाही.

लांबच्या प्रवासात स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा, गिअरच्या बाजूचा. सामानाचे वजन मागे असते आणि त्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात. स्पोक बदलायचा तर गिअरचा गठ्ठा उतरवावा लागतो, त्यासाठी वेगळे खाचांचे पाने लागतात. तो संच आणि ४, ५, ६ मिलिमीटरच्या एलन की एवढ्यावर निम्मे काम भागते. साखळी गिअरची असेल तर जुन्या साखळीची कडी तिला चालत नाही, ती जाड पडते.

डिस्क ब्रेक तारेचा असेल तर उस्तादाने बिनधास्त हात घालावा. तेलाचा असेल तर जपून. काही ब्रेकना खनिज तेल लागते, काहींना मोटारीच्या ब्रेकचे. एकाचे दुसऱ्यात घातले तर आतील रबर खराब होते आणि उतारावर ब्रेक लागत नाही. तेलाचा प्रकार ब्रेकवर छापलेला असतो. तो वाचता आला नाही तर "हे काम आमच्याकडे होत नाही" असे सरळ सांगावे. इथे प्रश्न माणसाच्या जिवाचा असतो. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम तडकली तर गावातील वेल्डिंगने ती जोडू नये, ती पुन्हा तुटते. कार्बनच्या फ्रेमला शिकंजात पकडू नये.

आपल्या भागातील पंक्चरचे मुख्य कारण सराटा आणि बाभळीचा काटा. पंक्चर काढल्यावर टायर आतून हाताने चाचपून पाहिल्याशिवाय बसवू नये. एका टायरमध्ये चार सराटे निघतात. उस्तादाची ही सवय शहरी गिऱ्हाईक लगेच ओळखतो.

शिंपी, वेल्डर, रेक्झिनवाले

सायकलच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या विकत घेतल्या तर महाग पडतात. ट्रकच्या जाड ताडपत्रीची पिशवी शिवणे आपल्या कोणत्याही रेक्झिन कारागिराला जमते. मर्म तीन जागी आहे. तोंड गुंडाळून बंद होणारे असावे, चेनवर भरवसा ठेवू नये. शिवणीतून पाणी झिरपते, म्हणून आतून पट्टी चिकटवावी. पाठीला कडक प्लास्टिकचा पत्रा घालावा, नाहीतर पिशवी चाकात जाते. मागच्या बाजूला चमकपट्टी शिवावी. पहिली पिशवी स्वतःच्या मुलाच्या सायकलवर बांधून, बादलीने पाणी ओतून पाहावी, मग विकावी.

वेल्डरसाठी काम कॅरियरचे. नव्या सायकलला बहुधा ५ मिलिमीटरच्या बोल्टची भोके दिलेली असतात. वजन पंचवीस किलोपर्यंत धरावे. कॅरियर जड झाला तर गिऱ्हाईक घेत नाही, हलका झाला तर घाटात मोडतो. वाटेत मोडलेला कॅरियर सांधून देण्याचे काम मात्र हमखास येते.

सरकारी मदतीविषयी थोडे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी, लोहार, चर्मकार आहेत. सायकल दुरुस्तीचे नाव त्या यादीत नाही, म्हणून त्या नावाने अर्ज भरून देतो म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नयेत. शिंपी बांधवांना मात्र प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. दुकानाची 'उद्यम' नोंदणी विनामूल्य होते, त्यासाठीही कोणाला फी द्यायची नसते.

एका रात्रीचा पाहुणा

जर्मनीत १९९० च्या दशकात तेथील सायकलस्वारांच्या संघटनेने एक व्यवस्था सुरू केली. डॅन्यूबसारख्या नदीच्या काठाने लोक दिवसेंदिवस सायकलने जातात. त्यांना लॉजवाले एका रात्रीसाठी खोली देत नसत. संघटनेने साध्या अटी ठरवल्या. पाहुणा एका रात्रीसाठी आला तरी घ्यायचा, सायकल कुलपात ठेवायला जागा द्यायची, ओले कपडे वाळवायची सोय करायची, सकाळी पोटभर न्याहारी द्यायची, किरकोळ दुरुस्तीची हत्यारे ठेवायची. या अटी पाळणाऱ्याच्या दारावर पाटी लागते. आज अशी घरे आणि लॉज हजारोंनी आहेत. यात भांडवलाची एकही गोष्ट नाही, हे वाचकांनी पाहावे.

आणि करकंबला हे शिकायला जर्मनीला जावे लागत नाही. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी आणि पैठणहून निघणारी एकनाथांची पालखी या गावावरून जाते. थकून आलेला, एक रात्र राहणारा आणि पहाटे निघणारा पाहुणा कसा सांभाळावा हे या गावाला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. पाणी, सावली, गरम जेवण, पाठ टेकायला जागा. सायकलस्वाराला यापेक्षा जास्त काही नको असते. फक्त आषाढीचे चार दिवस संपले की आपण ती पथारी गुंडाळून ठेवतो.

घरातील एक खोली स्वच्छ करून देणाऱ्यांसाठी राज्य शासनाची निवास व न्याहारी योजना आहे, तिची चौकशी करावी. पाहुणा परदेशी असेल तर २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करणे कायद्याने बंधनकारक आहे, ते विसरू नये.

जेवणाचे म्हणाल तर आपला माल उत्तम आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीची कडक भाकरी आठवडाभर टिकते, पिशवीत मोडत नाही. शेंगदाण्याची चटणी, बेदाणा, डाळिंब, केळी, बेकरीची खारी आणि नानकटाई. बागवान आणि बेकरीवाल्यांनी पन्नास-पन्नास रुपयांची बांधलेली पुडी तयार ठेवली तर ती सायकलवाला डोळे झाकून घेतो. पंढरीच्या वाटेवरचा स्वार बहुधा शाकाहारी असतो. खानावळीत शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाक, भांडी वेगळी असतील तर तशी पाटी स्पष्ट लावावी. त्याने दोन्ही प्रकारचे गिऱ्हाईक निर्धास्त बसते.

हिशेब

आता खरा प्रश्न. यावर घर चालेल का? आमचे प्रामाणिक उत्तर, नाही. समजा ऑक्टोबर ते फेब्रुवारी या वीस आठवड्यांत आठवड्याला तीन सायकलस्वार दुकानात थांबले, तर मोसमात साठ गिऱ्हाईक झाले. यावर कोणी कर्ज काढून शोरूम थाटू नये, लाखाचा माल भरू नये. पण अडॅप्टर, दोन आकारांच्या चार ट्यूब, पानांचा संच, एलन की, ब्रेकच्या तारा आणि साखळीचे तेल एवढे ठेवायला मोठी रक्कम लागत नाही. ही साठ गिऱ्हाइके चालू दुकानाचे भाडे आणि वीजबिल सांभाळू शकतात. शिवाय शाळेच्या मुलांच्या गिअर सायकली गावागावांत आल्याच आहेत. त्या आज दुरुस्तीला पंढरपूर किंवा अकलूजला जातात. प्रवाशासाठी घेतलेले हत्यार वर्षभर या मुलांच्या कामी येईल. खरी कमाई त्यात आहे.

दर भिंतीवर लिहावेत. गिऱ्हाइकाची सायकल लाखाची आहे म्हणून पंक्चरचा दर तिप्पट करण्याचा मोह काहींना होतो. हे लोक एकमेकांशी मोबाइलवर जोडलेले असतात. करकंबला लुटले, हे संध्याकाळपर्यंत पुण्याला कळते. तसेच करकंबला एका चाचांनी रात्री आठ वाजता दुकान उघडून स्पोक बसवून दिला, हेही कळते. पुढच्या वर्षी दहाजण त्या नावाने येतात.

आम्ही चाचांना हे सर्व सांगितले. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग मुलाकडे पाहून म्हणाले, "तो व्हॉल्व्ह परत दाखव रे मोबाइलवर." मुलाने चित्र काढून दाखवले. पुढच्या खेपेला मुलगा सुट्या भागांसाठी सोलापूरला गेला तेव्हा चार अडॅप्टर घेऊन आला. दोन त्यांनी ठेवले, एक टेंभुर्णीच्या स्नेह्याला दिला. चौथा त्यांनी दुकानाच्या दारावर दोऱ्याने टांगून ठेवला आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. बाजूला खडूने लिहिले आहे, 'सर्व प्रकारच्या सायकलींची हवा भरून मिळेल.'

दुकान राहील की मोबाइलचे होईल, हे आम्ही सांगू शकत नाही. पण दारात आलेल्या माणसाला "बसत नाही" म्हणून परत पाठवण्याची वेळ त्या दुकानावर आता येणार नाही. अकलूज, टेंभुर्णी, फलटण, लोणंद आणि भोरच्या आमच्या कारागीर बांधवांनीही आपापल्या दारावर अशी एक ओळ लिहावी. वाट नदीने आखून दिलेलीच आहे. तिच्यावर दर तीस-चाळीस किलोमीटरला एक उघडे दुकान असले म्हणजे प्रवासी आपोआप ती धरतील.